सायलेंट हिल २: पहिल्यांदा कोणता खेळावा, २००१चा की २०२४चा?

रस्त्याकडेच्या सार्वजनिक स्वच्छतागृहातला एक मळका आरसा. त्याच्यासमोर एक माणूस उभा आहे. चेहऱ्यावरून हात फिरवतो आणि स्वतःकडे बघत राहतो. दोन्ही आवृत्त्या इथूनच सुरू होतात. २००१च्या गेममध्ये जेम्स संडरलंडचा तो चेहरा थिजलेला आहे. डोळे उघडे आहेत, पण त्यांच्यामागे कुणी आहे की नाही, कळत नाही. २०२४च्या रिमेकमध्ये त्याच आरशात दिसतो तो कित्येक रात्री न झोपलेला, खचलेला माणूस. पहिल्याला बघून माझ्या मनात आलं होतं, ‘याचं नक्की काय बिनसलंय?’ दुसऱ्याला बघून वाटलं, ‘काय भोगलं असेल याने!’ दोन्ही गेममध्ये पुढे जे काही होतं, ते या पहिल्या भावनेच्या आधाराने पुढे सरकतं. म्हणून निवड करण्याआधी हा फरक नीट समजून घेतलेला बरा.

ज्यांनी यातला एकही खेळलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. निवडीला एवढं महत्त्व देण्याचं कारण साधं आहे. या कथेच्या पोटात एक गोष्ट दडलेली आहे आणि ती माणसाला एकदाच कळते. तुमचा तो पहिला धक्का दोघांपैकी एकाच आवृत्तीच्या वाट्याला येणार. दुसरी आवृत्ती नंतर खेळाल, आवडेलही, पण शेवट माहीत असलेल्या माणसासारखी खेळाल.

कथेबद्दल इतकंच सांगतो: जेम्सची बायको मेरी तीन वर्षांपूर्वी आजारपणात वारली. आता तिच्याच नावाचं पत्र त्याला आलंय. त्यात तिने सायलेंट हिल नावाच्या गावी, दोघांच्या ‘खास जागी’ वाट बघत असल्याचं लिहिलंय. गाव धुक्यात बुडालेलं आहे आणि जवळजवळ ओस पडलंय. १९९९चा पहिला ‘सायलेंट हिल’ खेळलेला नसला तरी काही अडत नाही. गाव तेच असलं तरी माणसं आणि कथा वेगळी आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. दोन्ही आवृत्त्यांमध्ये आत्महत्या, लैंगिक अत्याचार आणि दीर्घ आजारपण हे विषय येतात, तेही ओझरते नाहीत. सध्या मन हळवं असेल, तर हा गेम थोडा पुढे ढकला. त्याला घाई नाही.

दोन टोळ्या, एकच गाव

मूळ गेम कोनामी या जपानी कंपनीच्या टीम सायलेंटने प्लेस्टेशन २साठी केला आणि तो सप्टेंबर २००१मध्ये आला. दिग्दर्शन मासाशी त्सुबोयामाचं, लेखन हिरोयुकी ओवाकुचं, राक्षसांची रचना मासाहिरो इतोची आणि संगीत अकिरा यामाओकाचं. त्याच वर्षी एक्सबॉक्सवर आलेल्या आवृत्तीत मारियाचं (ही जेम्सला गावात भेटणारी बाई) ‘बॉर्न फ्रॉम अ विश’ हे छोटं उपकथानक जोडलेलं होतं.

रिमेक केला पोलंडमधल्या क्राकूफच्या ब्लूबर टीमने. घोषणा ऑक्टोबर २०२२मध्ये झाली आणि ८ ऑक्टोबर २०२४ला तो प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर आला. इतो आणि यामाओका दोघेही परत आले होते. यामाओकाने जुन्या चाली नव्याने बांधल्या आणि भर घातली. मारियाचं उपकथानक मात्र प्रकाशनाच्या वेळी रिमेकमध्ये नव्हतं.

कॅमेरा कुठे उभा आहे

माझ्या मते खरा फरक ग्राफिक्समध्ये नाही, तो जेम्स आणि तुमच्यातल्या अंतरात आहे.

जुन्या गेममध्ये कॅमेरा कधी खोलीच्या कोपऱ्यात, कधी छतालगत, तर कधी बोळाच्या दुसऱ्या टोकाला असतो. बऱ्याच ठिकाणी बटण दाबून तो जेम्सच्या पाठीमागे आणता येतो, पण काही ठिकाणी तो हलायचंच नाकारतो. तुम्ही जेम्सला चालवता आणि त्याच वेळी त्याला लांबून न्याहाळताही. इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. जवळपास उचलण्यासारखी वस्तू असेल किंवा एखादा राक्षस असेल, तर जेम्सची मान आपोआप तिकडे वळते. स्क्रीनवर कसली खूण नाही की चमक नाही. त्याची मान कुठे वळतेय यावर लक्ष ठेवून तुम्ही औषधाची बाटली शोधता. आणि असं करता करता, हा माणूस कशाकडे बघतो आणि कशाकडे बघायचं टाळतो, हे तपासायची सवय तुम्हाला लागते. कथेला तुमच्याकडून नेमकं हेच हवं असतं.

रिमेकमध्ये कॅमेरा थेट जेम्सच्या खांद्यामागे असतो. त्याला दिसतं तेवढंच तुम्हाला दिसतं, तो अडकला की तुम्हीही अडकता. बोळाच्या वळणापलीकडे काय आहे हे कळायला स्वतः मान वळवून बघावं लागतं. भीती जास्त अंगावर येते, ती शारीरिक असते. मी हेडफोन लावून खेळत होतो. वुड साइड अपार्टमेंटमधल्या एका जिन्यावर वरच्या मजल्यावरून काहीतरी फरफटत गेल्याचा आवाज आला आणि मी खरोखर दोन मिनिटं तिथेच उभा राहिलो. जुन्या गेमने मला असं कधी गोठवलं नव्हतं. त्याने दिलेली अस्वस्थता वेगळी होती. खेळ बंद केल्यावर, अंथरुणावर पडल्यावर ती यायची.

विजेरी मिळते तो प्रसंग घ्या. जुन्या गेममध्ये अपार्टमेंटच्या एका अंधाऱ्या खोलीत शिंप्याच्या पुतळ्यावर बाईचे कपडे घातलेले असतात आणि त्याच पुतळ्यावर विजेरी पेटलेली असते. गावात सापडलेला पहिला उबदार प्रकाश तो. तुम्ही विजेरी काढून घेता आणि त्याच खोलीत, इतका वेळ अंधारात निश्चल उभी असलेली, फक्त पायांनी बनलेली एक आकृती हलायला लागते. त्या खोलीचा सगळा कोन आधीच असा लावलेला असतो की ती आकृती तुमच्या नजरेतून निसटावी. रिमेकने हा प्रसंग ठेवलाय आणि त्यातून पुढे एक पूर्ण सवयच तयार केलीय. या मॅनेकिन म्हणवणाऱ्या आकृत्या नंतर कपाटांमागे, खांबांमागे, टेबलांच्या आड श्वास रोखून उभ्या राहतात. राक्षस जवळ आला की जेम्सच्या खिशातला रेडिओ खरखरतो, पण नेमका कुठून, हे तुम्ही शोधायचं. पहिल्या चार-पाच वेळा माझ्या हाताला घाम फुटला. पंधराव्या वेळी मी खोलीत शिरताच सवयीने कोपरे तपासत होतो आणि भीती मागे राहिली होती.

मारामारी आणि लांबी

जुन्या गेममधली मारामारी अवघड नाही, ती अवघडलेली आहे. खिळे असलेली लाकडी फळी आधी उगारायची, मग हाणायची. बंदूक नेम आपोआप धरते. जेम्स हळू वळतो. जुन्या पद्धतीचे टँक कंट्रोल (डावं-उजवं दाबलं की पात्र जागीच वळतं) नकोसे वाटले तर पर्यायांत दिशेनुसार चालण्याची पद्धत आहे, ती निवडा, अर्धा त्रास तिथेच संपतो. शिवाय मारामारीची काठिण्यपातळी वेगळी आणि कोड्यांची वेगळी ठरवता येते. मारामारी सगळ्यात सोपी ठेवून कोडी कठीण ठेवता येतात आणि पहिल्या खेपेला मी हेच सुचवीन. ही सोय दोन्ही आवृत्त्यांमध्ये आहे. जुन्या गेममधल्या सगळ्यात खालच्या पातळीवर तर राक्षस जवळपास नावालाच उरतात.

रिमेकमध्ये अंग चुकवता येतं, पायावर गोळी झाडून राक्षसाला गुडघ्यावर आणता येतं, मग फळीने किंवा पाइपने ठोकता येतं. फटक्यांना वजन आहे. आजच्या गेमची सवय असलेल्या हाताला हे लगेच जमतं. जुन्या गेममध्ये निम्मे राक्षस टाळून पळून जाता येत होतं आणि शहाणा खेळाडू तेच करायचा. रिमेकमध्येही गावाच्या रस्त्यांवर पळता येतं, पण इमारतींच्या आत जागा चिंचोळ्या आणि राक्षस जास्त. त्यामुळे लढावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा लढावं लागतं.

इथेच लांबीचा प्रश्न येतो. मूळ गेम पहिल्यांदा खेळताना साधारण आठ तासांत संपतो. रिमेकला पंधरा ते अठरा तास लागतात. कथा तेवढीच आहे. वाढलेत ते मजले, बोळ, कोडी आणि झटापटी. ब्रूकहेवन रुग्णालयात ही वाढ सार्थकी लागलीय. ती इमारत मुळातच भूलभुलैया होती, आता तिच्यात खरंच हरवायला होतं. टोलुका तुरुंगात मात्र मी थकलो. कथा जेम्सला खाली, आणखी खाली ओढत असते. जुन्या गेममध्ये ते उतरणं एका दमात होतं आणि दम लागतो. रिमेकमध्ये मध्येच थांबून तीन दारं उघडण्याचं काम करावं लागतं. एका संध्याकाळी खेळून संपवावी अशी ही गोष्ट, ती आठवडाभर पुरवून खाल्ल्यासारखं झालं. कुणाला त्याच पैशांत जास्त तास मिळाले म्हणून आनंद होईल. मला मात्र या कथेसाठी आठ तास बरोबर वाटतात.

आवाज आणि चेहरे

इथे मी माझंच मत बदललंय, म्हणून सविस्तर सांगतो.

जुन्या गेममध्ये जेम्सचा आवाज गाय सिहीचा आहे. तो व्यावसायिक नट नव्हता. संवाद सपाट येतात, दोन वाक्यांमध्ये नको इतकी शांतता असते, माणसं एकमेकांच्या बोलण्याला थेट उत्तर देत नाहीत. वर्षानुवर्षं काही जण याला कच्चा अभिनय म्हणत आलेत. मीही म्हणायचो. मग अँजेलाचा तो प्रसंग पुन्हा बघितला. ही गावात भेटलेली एक मुलगी. एका खोलीत आरशासमोर जमिनीवर आडवी पडून ती सुरीकडे बघत असते. जेम्स तिच्याशी बोलतो तेव्हा दोघांच्या आवाजात झोपेत बोलणाऱ्या माणसांसारखा संथपणा असतो. स्वप्नात आपण असंच बोलतो. समोरचा काय म्हणाला ते ऐकतो आणि भलत्याच गोष्टीला उत्तर देतो. तिथे हुशार नट असते तर तो प्रसंग कदाचित इतका परका वाटला नसता.

रिमेकमध्ये हाच प्रसंग माणसांचा झालाय. ल्यूक रॉबर्ट्सचा जेम्स शब्द शोधतो, पुढे होऊ की नको या विचारात त्याचा हात अर्ध्यावर थांबतो. अँजेलाचे डोळे त्याच्यावर टिकत नाहीत. कुणी जवळ आलं की अंग आक्रसून घेणारी बाई दिसते. तिच्यावर काय गुदरलंय हे इथे जेम्सच्या आधी तुम्हाला कळायला लागतं. द गेम अवॉर्ड्समध्ये २०२४च्या सर्वोत्तम अभिनयासाठी रॉबर्ट्सला नामांकन मिळालं आणि ते योग्यच होतं. अँजेलासाठी मी रिमेक निवडतो, तिला तो न्याय देतो. जेम्ससाठी अजूनही जुना. कारण जेम्सबद्दल लवकर सहानुभूती वाटू लागणं या कथेला परवडत नाही.

मारियाबद्दल मला ठरवता आलेलं नाही. दोन्हीकडे ती घशात अडकून राहते.

समीक्षकांनी काय म्हटलं

गुणांकडे नुसतं बघितलं तर निर्णयाला फारशी मदत होत नाही. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर मूळ प्लेस्टेशन २ आवृत्तीला शंभरपैकी ८९, रिमेकच्या प्लेस्टेशन ५ आवृत्तीला ८६. जवळपास बरोबरी. त्या सरासरीच्या खाली डोकावलं की गंमत कळते. आयजीएनने २००१मध्ये दहापैकी ९.६ दिले होते आणि रिमेकला ८. गेमस्पॉटने २००१मध्ये ७.७ दिले होते आणि रिमेकला ९. दोन नामांकित प्रकाशनं, तीच कथा, तेच गाव आणि कल अगदी उलटा! लिहिणारी माणसं अर्थात वेगळी होती. पण या गेमवर लोकांचं एकमत का होत नाही, ते या चार आकड्यांत दिसतं.

२००१मधल्या समीक्षांचा सूर असा होता: वातावरण, आवाज आणि कथा असामान्य, कॅमेरा आणि मारामारी ढिसाळ. गेमची कीर्ती नंतर वाढत गेली. लोकांनी पुन्हा खेळला, शेवटांचे अर्थ लावले, राक्षस कुणाच्या मनातून आलेत यावर वाद घातले. आज भयकथा सांगणाऱ्या गेमची यादी कुणीही काढली तरी हा वरच्या ओळीत असतो.

रिमेकचा प्रवास उलटा झाला. घोषणा झाली तेव्हाच शंका सुरू झाल्या. ब्लूबरने आधी ‘लेयर्स ऑफ फिअर’, ‘ब्लेअर विच’, ‘द मीडियम’ असे गेम केले होते. मानसिक आघातासारखे विषय हा चमू ओबडधोबड हाताळतो, असा आक्षेप त्यांच्यावर होता. मारामारीवर भर देणारा ट्रेलर आला तेव्हा जुने चाहते आणखी धास्तावले, मीही त्यांच्यातलाच. गेम हातात पडल्यावर बहुतेक शंका विरघळल्या. जुन्याशी इमान राखूनही भीतिदायक, असं बहुतेकांनी लिहिलं. तक्रारी दोनच वारंवार आल्या: लांबी आणि झटापटींचा रतीब. पीसीवर मध्येच अडखळण्याचा तांत्रिक त्रासही अनेकांनी नोंदवला. लोकांनी तो विकतही घेतला. दहा लाख प्रती काही दिवसांत गेल्या आणि जानेवारी २०२५पर्यंत वीस लाख झाल्या.

ब्लूबरचं एका गोष्टीसाठी मनापासून कौतुक करतो. जुन्या गेममध्ये एखादी किल्ली जिथे होती, एखादं कोडं जिथे सुटायचं, त्या जागा नव्या गावात रिकाम्या करून तशाच ठेवल्यात. तिथे उभं राहून बघितलं की एक विचित्र सूर वाजतो. अशा २६ जागा आहेत. नव्या खेळाडूला ते कळणार नाही, कळायची गरजही नाही. जुना खेळलेल्याला मात्र आपण इथे आधी येऊन गेलोय असं वाटतं, आणि या गावात असं वाटणं फार योग्य आहे.

मिळतो कुठे

रिमेक सरळ विकत मिळतो. मूळ गेमचं तसं नाही. जुनी डिस्क आणि चालू स्थितीतलं जुनं यंत्र असेल तर उत्तम. पीसीची जुनी आवृत्ती तुमच्याकडे असेल तर चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून तयार केलेली ‘एन्हान्स्ड एडिशन’ तिच्यावर बसवा. रुंद पडदा, स्वच्छ आवाज, दुरुस्त केलेलं धुकं, सगळं त्यात आहे.

२०१२चा ‘एचडी कलेक्शन’ मात्र टाळा. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६०साठी तो काढला तेव्हा पूर्ण झालेल्या गेमचा अंतिम कोड हाताशी नव्हता आणि ते दिसतं. धुकं विरळ झालंय, त्यामुळे जे लपायला हवं ते उघडं पडलंय. या गावाचं धुकं गेलं की उरते ती नुसती रिकामी घरं. मूळ गेम वाईट आहे असं मत ज्यांनी या आवृत्तीवरून बनवलं असेल, त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी मूळ गेम बघितलेलाच नाही.

मग कोणता?

जुना गेम रीतसर मिळवायची सोय असेल आणि अवघडलेल्या कंट्रोलची तासभर सवय करून घ्यायची तयारी असेल, तर पहिला धक्का २००१ला द्या. कमी वेळात, कमी समजावून, जास्त खोल जातो. रिमेक त्यानंतर वर्षभराने खेळा, तेव्हा त्या २६ जागा तुमच्याशी बोलतील.

ती सोय नसेल, किंवा जुने गेम हातात घेतले की पाच मिनिटांत वैताग येतो असा अनुभव असेल, तर रिमेक निःशंक घ्या. तुमचं नुकसान होत नाही. मारामारी हलक्या पातळीवर ठेवा म्हणजे लांबी जाचणार नाही, आणि तुरुंगात शिरण्याआधी एक दिवस विश्रांती घ्या. शेवटांची यादी आधी वाचू नका. जुन्यात ते सहा होते, रिमेकमध्ये दोन वाढून आठ झालेत. यातले काही दुसऱ्या फेरीशिवाय मिळत नाहीत, पण पहिल्या फेरीत कोणता मिळेल हे जेम्सशी तुम्ही कसं वागता, त्याच्या जखमांकडे लक्ष देता की नाही, काय पुन्हा पुन्हा बघता, यावर ठरतं. गेम ते न सांगता मोजत असतो. सल्ले वाचून खेळलात तर तो शेवट तुमचा राहणार नाही.

तरीही ठरत नसेल तर एक कसोटी सुचवतो. आरशाचा प्रसंग संपला की वाहनतळावरून गावाकडे एक पायवाट उतरते. जुन्या गेममध्ये ती मुद्दाम लांब ठेवलीय. काही मिनिटं काहीच घडत नाही. धुकं, झाडं, जेम्सच्या पावलांचा आवाज, आणि मागून कुणीतरी येतंय की काय असं वाटायला लावणारी एखादी खुसफूस. वाटेत एक विहीर लागते, तिच्यात लाल चौकोन आहे, तिथे पहिल्यांदा सेव्ह करता येतं. ही वाट कुणीतरी खेळतानाच्या व्हिडिओत बघा आणि विहिरीपाशी थांबा. तोवर मागे वळून बघावंसं वाटलं असेल तर जुना शोधायला लागा. मोबाइलकडे हात गेला असेल तर रिमेक घ्या.